कडुनिंबाखालचा लाल दिवा

शहरातील तमाम मोटारमालक, दुचाकीस्वार, सायकलस्वार, हातगाडीवाले आणि रस्त्याच्या मधोमध रवंथ करत बसणाऱ्या गाईंनो! एक अत्यंत गंभीर बातमी आपल्यापुढे ठेवताना माझा कंठ दाटून आला आहे. लहान मुलांना जवळ घ्या, हातातला चहा खाली ठेवा आणि मन घट्ट करा. वेशीजवळच्या सिग्नलवरच्या कडुनिंबाला मोहर आला आहे.

झालं. बातमी एवढीच.

बायको म्हणते, एवढ्याशा गोष्टीला एवढा मोठा घसा कशाला? पण घसा हाच माझा धंदा. हिवाळाभर आमच्या झाडीपट्टीत गावोगाव नाटकं रंगतात. त्यात मी खलनायक असतो आणि दुपारी ऑटोवर भोंगा बांधून त्याच नाटकाची जाहिरात करत हिंडतो. शेतं मोकळी झाली, पळस पेटला आणि मोह गळायला लागला की नाटकं बंद होतात. मग उन्हाळाभर या आवाजाचं करायचं काय, हा प्रश्न उरतो. घरात वापरला की कुंदा, म्हणजे माझी बायको, कूलर मोठा करते.

तर मोहर. काल दुपारी सिग्नलला थांबलो होतो, काच खाली होती. दोन बारीक पांढरी फुलं वाऱ्यानं आत आली आणि एक नेमकं माझ्या मिशीवर बसलं. कडू झाडाच्या फुलाला इतका गोड वास का असावा, हे मला कधीच कळलेलं नाही. त्या वासाबरोबर दोन वर्षांमागचा अख्खा मे महिना गाडीत येऊन बसला. शेजारच्या सीटवर. पट्टा न लावता.

आमचं चंद्रपूर कोटाच्या आत वसलेलं. ज्या राजांनी वेशी बांधल्या त्यांनी बहुधा हत्तीचं माप घेतलं असावं. एक हत्ती डौलात जावा, दुसऱ्यानं मागं थांबून कौतुक करावं, असा हिशोब. त्या मापातून आता ऑटो, मोटारी, स्कूल व्हॅन, दुधाचे कॅन लटकवलेल्या दुचाक्या आणि सायकली जातात. वेशीतून एका वेळी एकाच बाजूची वाहनं सुटतात, त्यामुळे लाल दिवा फार लांब. इतका, की माणूस मोबाइलवर भांडण सुरू करून, ते शिगेला नेऊन, शेवटी माफीही मागून मोकळा होतो. वेशीकडे जाणारा आमचा रस्ता एकेरी आणि चिंचोळा आहे; पलीकडून आलेली वाहनं दुसऱ्या रस्त्यानं निघून जातात. मोटार उभी राहिली की तिच्या डाव्या अंगाला जेमतेम एक सायकल मावते, तीही मालकानं पोट आत घेतलं तर.

तशी आमच्या मुलुखाला थांबण्याची सवय आहे. गडचिरोलीकडे नाटकाला जाताना रस्त्यात किती वेळा थांबलो असेन! पण त्या थांबण्याची कारणं प्रतिष्ठित असत. एकदा आमच्या गाडीपुढे वाघ रस्त्याच्या मधोमध बसला होता. एका बाजूला आम्ही, दुसऱ्या बाजूला एसटी, आणि एसटीच्या आडोशाला दोन सायकलवाले. कुणी हॉर्न वाजवला नाही, कुणी घड्याळ पाहिलं नाही. वाघानं जांभई दिली, अंग ताणलं आणि सवडीनं बांबूत शिरला. त्याला कुणी हिरवा दिवा दाखवला नव्हता. असल्या थांबण्यातून आलेल्या माणसाला खांबावरच्या दिव्यानं थांबवणं म्हणजे मोठ्या नटानंतर प्रॉम्प्टरला रंगमंचावर ढकलण्यासारखं आहे.

सिग्नल बसला तेव्हा वेशीच्या पुढ्यात पांढरी रेघ मारली गेली. वाहनांनी तिथे थांबावं, अशी योजना. योजना थंडीत आखली असणार. कारण रेघेवर झाड नाही, छप्पर नाही, साधी पताकासुद्धा नाही. मार्च सरला आणि आमचा तो जगप्रसिद्ध उन्हाळा सुरू झाला. बायकांनी डोळ्यांपुरती फट ठेवून दुपट्टे गुंडाळले, पुरुषांनी खिशात कांदे ठेवले, आणि एका दुपारी, कुणीही सभा न घेता, सगळं गाव रेघ सोडून मागं सरकलं. कुठे? तर कडुनिंबाखाली.

बाहेरगावचा माणूस हे दृश्य पाहून गोंधळून जातो. समोर सिग्नल, त्याच्या अलीकडं रिकामा रस्ता तव्यासारखा तापलेला, आणि बरंच मागं एका झाडाच्या सावलीत पन्नास वाहनं एकमेकांना चिकटून उभी. रेघ रंगाची आणि कायमची, पण आम्ही मानायचो सावलीची रेघ. ती सकाळी एका बाजूला असे, संध्याकाळी लांब पसरे आणि भर दुपारी झाडाच्या पायाशी गोळा होऊन बसे.

सुरुवातीला वाहतूक हवालदार रेघेजवळ उभे राहून शिट्टी फुंकायचे. "ओ, रेघेवर या! रेघेवर!"

सावलीतून उत्तर गेलं, "साहेब, रेघच इकडं घेऊन या ना, आमी तयार हावो!"

चार दिवसांनी हवालदारही सावलीत आले. पुढे ते झाडाच्या बुंध्याला टेकूनच शिट्टी वाजवत.

सावली लहान, गर्दी मोठी. मग आपोआप कायदे झाले. बुंध्याजवळची दाट सावली सायकलवाल्यांची, कारण त्यांच्या डोक्यावर काहीच नाही. फांद्यांची विरळ सावली दुचाक्यांची. त्यापलीकडे मोटारी. आणि सर्वांत कडक कलम हे, की ज्याचा एसी चालू आहे त्यानं उन्हात जायचं. पुरावा काचेचा. काच वर असली की एखादा सायकलवाला बोनेटवर टिचकी मारी. "भाऊ, तुमच्या आत महाबळेश्वर हाय. सरका समोर." माझ्या गाडीचा एसी फार पूर्वी निवर्तलेला. त्यामुळे मी चारही काचा खाली करून, कोपर बाहेर काढून, सरदारासारखा सावलीत शिरत असे.

आणखी एक गंमत. झाडाखालून दिवा दिसतच नसे. मोटारवाल्यांच्या डोळ्यांपुढे फांद्या येत. फक्त अगदी कडेच्या सायकलवाल्यांना एका फटीतून रंग कळायचा. तेव्हा तेच ओरडायचे, "हिरवा!" आणि मागं सगळी इंजिनं खाकरून उठायची. ज्यांना आम्ही एरवी हॉर्न मारून बाजूला करतो, त्यांच्या एका शब्दाशिवाय आमचं चाक हलत नव्हतं. मला तर ही व्यवस्था फार आवडायची. नाटकातही एंट्रीचा इशारा विंगेतलाच माणूस देतो.

या राज्याचे एकमेव कायदेभंगवाले म्हणजे वांढरे ठेकेदार. घुग्घुसकडे त्यांचं काम. पांढरीशुभ्र मोठी गाडी, रोज कोळशाची धूळ बसणारी आणि रोज धुतली जाणारी. वांढरेभाऊ काय करायचे, तर एसी चालूच ठेवून काचा खाली करायचे. म्हणजे कायद्यानं सावलीचा हक्क, शिवाय मांडीवर गार वारा. सायकलवाल्यांच्या हे लक्षात यायला फार वेळ लागला नाही. पण तक्रार कोण करणार? सगळे त्यांच्या खिडक्यांशीच दाटी करू लागले. खराटे विकणारे लटारूकाका तर सायकल आडवी लावून खिडकीत तोंड घालून उभे राहत. वांढरेभाऊ म्हणत, "काका, जरा मलेही येऊ द्या ना हवा."

आणि याच खिडकीत एके दिवशी माझ्या बायकोचा हात आला.

कुंदा अंगणवाडी सेविका. बारावीनंतर आमचं लग्न झालं आणि तिचं शिक्षण थांबलं. मुलगा पुण्याला शिकायला गेल्यावर तिनं बाहेरून बी.ए. करायला घेतलं. तिला पर्यवेक्षिका व्हायचं होतं. एक राज्यशास्त्राचा पेपर मागच्या वेळी राहिला होता. तो मे महिन्यात दिला की पदवी हातात, नाहीतर आणखी एक वर्ष. आणि त्याच वर्षी तिनं मुलाची सायकल बाहेर काढली.

मी म्हणालो, "परीक्षेला मी सोडतो ना गाडीनं."

"परीक्षेले सोडसान. मंग पुढं? पर्यवेक्षिकेले गावोगाव जा लागते. तवाही मांगं बसवून नेसान काय?"

"अगं, पण तुझे पाय पुरत नाहीत त्या सायकलवर."

"पाय नाई पुरत त नाई. सायकल त पुरते ना?"

खरी अडचण अशी, की सायकल उंच आणि कुंदा ठेंगणी. सीट पार खाली केली तरी टाच काय, अंगठासुद्धा जमिनीला लागत नव्हता. चालवता झकास येई, फक्त चढायला आणि उतरायला काहीतरी उंच लागे. घरून निघताना आमचा ओटा. पोचल्यावर कॉलेजची पायरी. या दोहोंच्या मध्ये तिला जगात कुठेही थांबता येत नव्हतं. आणि नेमका मधोमध, चंद्रपुरातला सर्वांत लांब लाल दिवा!

अभ्यासवर्ग कॉलेजातच होते, त्यामुळे ती रोज जायची. मला सक्त ताकीद. "माह्या मांगं येऊ नोका. अन् तुमी सायकलीले हात लावला ना, त पेपर गेला समजा." मी दही आणायच्या निमित्तानं मागं जायचो. त्या महिन्यात आमच्या घरी इतकं दही साचलं की शेजारी कढी खाऊन कंटाळले.

पहिल्या दिवशी ती सावलीत शिरली, वेग कमी केला आणि शेजारी जी खिडकी आली तिची कड पकडली. खिडकी वांढरेभाऊंची होती.

"बाई! आत्ताच धुतली गाडी!"

"मंग त बरं झालं भाऊ. माहा हात नाई खराब होणार."

लटारूकाका खिडकीतून तोंड बाहेर काढून हसले. हिरवा झाला, कुंदानं गाडीला हलकासा रेटा दिला आणि सायकल निघाली. मागं पांढऱ्या दारावर पाच बोटं उमटलेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाच बोटं. तिसऱ्या दिवशी वांढरेभाऊ फडकं घेऊन तयार होते. त्यांनी खिडकीच्या कडेवर ते अंथरलं आणि दुसरीकडे पाहत म्हणाले, "ठेवा."

लाल दिवा लांब, हात एका ठिकाणी अडकलेला, मग कुंदा दुसऱ्या हातानं हँडलला चिमट्यानं लावलेली टिपणं वाचायची. मोठ्यानं, कारण तिला तसंच पाठ होतं. एकदा वारा आला आणि कागद उडून वांढरेभाऊंच्या मांडीवर पडला. त्यांनी तो परत दिला नाही.

"थांबा. मी इचारतो, तुमी सांगा. राज्यपालाले कोण नेमते?"

"राष्ट्रपती."

"अन् राष्ट्रपतीले?"

"ते पुढच्या धड्यात हाय भाऊ."

"असं कसं? आता सुरू केलं त पुरं सांगा ना!"

"हिरवा!" कुणीतरी ओरडलं आणि राष्ट्रपती तसेच राहिले.

पुढे तर सावलीचा वर्गच झाला. लटारूकाकांनी एकदा शंका काढली, "बाई, दोन सभागृहं काऊन लागते? एकानं भागत नाई काय?"

कुंदा म्हणाली, "तुमच्या घरी काका, तुमी ठरवता अन् काकू तपासते. तसंच."

"मंग आमच्या घरी वरचं सभागृह कोन्तं?"

"ते काकूले इचारा," वांढरेभाऊ म्हणाले, आणि हवालदारांच्या तोंडातली शिट्टी हसण्यानं आपोआप वाजली. शिट्टी ऐकून दोन दुचाकीवाले लाल दिव्यात निघून गेले.

मी मागं गाडीत बसून हे ऐकायचो आणि मनात म्हणायचो, बाहेर पडल्यावर ही बाई किती वेगळी दिसते. घरी मी बोलतो आणि ती कूलर मोठा करते. इथं ती बोलत होती आणि इंजिनं बंद करून लोक ऐकत होते. डोक्यावरून निंबाची फुलं पडत, नंतर हिरव्या निंबोळ्या, शेवटी पिवळ्या. त्या चाकांखाली फुटत आणि डिझेलच्या धुरात एक गोडसर वास मिसळे. लाल दिवा म्हणजे आयुष्यातला वाया गेलेला वेळ, असं मी समजत आलो होतो. त्या उन्हाळ्यात मला पहिल्यांदाच दिवा हिरवा झाल्यावर वाईट वाटू लागलं.

आणि मग पेपरचा दिवस आला. त्याच दिवशी, सगळा मे महिना अंग भाजून झाल्यावर, आभाळ भरून आलं.

पाऊस नव्हता. नुसते ढग, पण असे गच्च की ऊन पार पुसलं गेलं. गाव खूश! आणि इथेच घोळ झाला. सावली सगळीकडेच, म्हणून झाडाखाली कुणीच नाही. उन्हाळाभर पाळलेला कायदा एका सकाळीत विसरून लोक पुढे, थेट पांढऱ्या रेघेवर जाऊन कोंबले होते. मी कुंदाच्या मागं बरंच अंतर ठेवून येत होतो. समोर पाहिलं. कडुनिंबाखाली ना गाडी, ना खिडकी, ना फडकं. लटारूकाकासुद्धा रेघेजवळच्या गर्दीत. दिवा लाल, आणि तो नुकताच झालेला.

कुंदा सवयीनं झाडाजवळ हळू झाली, हात पुढे केला, हवेत फिरवला आणि तशीच पुढे गेली. रांगेच्या शेवटी ओळखीची पांढरी गाडी होती. तिनं नेम धरला. पण ऊन नाही म्हटल्यावर वांढरेभाऊंना कायद्याची फिकीर कशाला? काचा वर, एसी जोरात. कुंदाचा हात गुळगुळीत काचेवरून घसरला, सायकल झुकली, आणि मी डोळे मिटले. पडली तर सपाट रस्त्यावरून तिला पुन्हा चढता येणार नव्हतं. मी हात लावला तर ती पेपर देणार नव्हती. कॉलेजात उशिरा आलेल्याला आत घेत नव्हते. वर्षभराचं सगळं आता त्या दोन चाकांवर डुगडुगत होतं.

डोळे उघडले तेव्हा ती पडलेली नव्हती. तिनं हँडल वळवलं होतं. रांग आणि कडुनिंब यांच्यामधल्या रिकाम्या जागेत ती गोल फिरत होती. रस्त्याची रुंदी जेमतेम तेवढी. एका टोकाला गटाराची कड, दुसऱ्या टोकाला भिंत, आणि ती मधून वळतेय, पुन्हा वळतेय, तेलघाण्याच्या बैलासारखी शांत.

मागून वाहनं येऊ लागली. मी काय करू शकत होतो? सायकलीला हात लावायचा नाही, एवढंच ठरलं होतं. मी माझी गाडी कडुनिंबाखाली रस्त्यात आडवी घातली, उतरलो आणि खलनायकाचा राखीव आवाज काढला. "थांबा! कुणी पुढे येऊ नका! समोर परीक्षा सुरू आहे!"

एका ऑटोवाल्यानं डोकं बाहेर काढलं. "सिग्नलवर कोन्ती परीक्षा, बापा?"

"राज्यशास्त्राची!"

पुढच्या रांगेतली डोकी मागं वळली. लटारूकाका ओरडले, "बाई, हँडल सोडू नोका!" हवालदार धावत आले. कोणतं कलम लावावं ते त्यांना उमगेना.

"बाई, लाल हाय! थांबा!"

"थांबताच नाई येत ना जी! म्हणून त फिरून राह्यली!"

दुसऱ्या फेरीला तिचा आवाज कापत होता. चौथ्या-पाचव्या फेरीला मात्र तिची मान वर झाली. मी नाटकवाला माणूस, मला तो क्षण ओळखता येतो. नट संवाद विसरतो, घाबरतो, आणि मग एकाएकी त्याला कळतं की प्रॉम्प्टरशिवायही आपल्याला बोलता येतं. कुंदानं एक हात सोडला, पदर कमरेला खोचला आणि घंटी वाजवली. उगाच. मजेत.

तिला पर्यवेक्षिका होऊन आता वर्ष झालं. गावोगाव जाते, मुलाच्याच सायकलनं. महानगरपालिकेनं सिग्नलवर हिरवी जाळी ताणली आहे, रेघेवर आता सावली असते आणि लोक शहाण्यासारखे तिथेच थांबतात. जाळी चांगली आहे, मी तिच्याविरुद्ध एक शब्द बोलणार नाही. फक्त जाळीला मोहर येत नाही. म्हणून काल मुद्दाम मागं कडुनिंबाखाली थांबलो, आणि मागच्यांच्या शिव्या खाल्ल्या.

पण त्या दिवशी. वांढरेभाऊंनी आरशात पाहिलं असावं, कारण डावीकडची काच झरझर खाली आली. स्टिअरिंग सोडून ते पलीकडच्या सीटवर जवळजवळ आडवे झाले, फडकं शोधून खिडकीच्या कडेवर अंथरलं, चारी बाजूंनी नीट दाबलं आणि वाट पाहू लागले. कुंदा एका फेरीत जवळून गेली. दुसऱ्या फेरीतही गेली. तेवढ्यात लटारूकाकांचा आवाज घुमला, "हिरवा!" रांग हलली, वेस मोकळी झाली. पांढरी गाडी मात्र जागची हलेना. कुंदानं शेवटचं वळण घेतलं, सरळ झाली आणि त्या अंथरलेल्या फडक्याला घासून, समोर पाहत, सुसाट वेशीतून पार झाली. वांढरेभाऊ अर्धे खिडकीबाहेर आले आणि सगळ्या चौकाला ऐकू जाईल असं ओरडले,

"ओ बाई! हात त ठेवा!"